विषय बंद करू नका सर, आधी वाद घालायचं इंग्रजी शिकवा

नवी मुंबईतल्या ऐरोलीहून एका सरांचं पत्र आलंय. सर संध्याकाळी मोठ्यांची स्पोकन इंग्लिशची बॅच घेतात. बॅचमध्ये आयटी पार्कात नोकरी करणारी दोन-तीन मुलं, परदेशी जायच्या तयारीत असलेली एक नर्स, कॉलेजची पोरं, दोन गृहिणी, एक रिटायर्ड काका आणि मुस्लिमबहुल मुंब्र्याहून येणारी एक मुलगी. सरांनी एक दिवस ऑनलाइन मिळालेली वर्कशीट झेरॉक्स करून आणली, विषय गाझा, आणि वर मोठ्या अक्षरात प्रश्न, "हू इज राइट?" पुढचं त्यांच्याच शब्दांत देते.

"पहिली पाच मिनिटं बरं चाललं. मग सगळे हिंदीवर आले, आवाज चढले. एकजण त्या मुलीकडे वळून म्हणाला, तुम लोगों का क्या कहना है, बताओ ना. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली, फी पूर्ण भरलेली आहे. काका म्हणाले, सर तुम्ही इंग्रजी शिकवा, राजकारण नको. ज्यांच्या जागेत क्लास चालतो तेही म्हणाले असले विषय बंद करा. पण नर्स म्हणते आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जायच्या इंग्रजीच्या परीक्षेला, मत विचारतात, मग आम्ही प्रॅक्टिस कुठे करायची? मॅडम, हे विषय घ्यायचेच नाहीत का? घेतले तर कसे? आणि मुलं विचारतात सर तुमचं मत काय, तेव्हा काय सांगायचं?"

सर, बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी त्या मुलीला फोन करा. मेसेज नको, फोनच. आणि फोनवर "अगं ये, सगळे विसरलेत" असं अजिबात म्हणू नका, कारण ती विसरलेली नसणार. सरळ सांगा की त्या दिवशी तुला जे विचारलं गेलं ते विचारायला नको होतं, मी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, परत असं होऊ देणार नाही, तुला याच बॅचला यायचं असेल तर ये, दुसऱ्या बॅचला बसायचं असेल तर तसं करू आणि यायचंच नसेल तर फी परत देतो. एवढं बोलून थांबा, तिचं मत विचारू नका, तिला कुणाला माफ करायला लावू नका. ज्याने तो प्रश्न विचारला त्याच्याशी वेगळं बोला, क्लास सुटल्यावर, बाकीचे गेल्यावर, आणि त्याला स्पष्ट सांगा की काय खटकलं. सगळ्यांसमोर त्याला सॉरी म्हणायला लावायचा मोह होईल, तो टाळा, कारण मग ती मुलगी दुसऱ्यांदा सगळ्या क्लासचा विषय होते आणि तिला नेमकं तेच नको असतं.

आता नेमकं बिघडलं कुठे ते बघू. तुम्हाला वाटतंय गाझा हा विषय घेतला म्हणून बिघडलं. मला वाटतं दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्ही विषयाच्या आधीच्या आहेत. एक तर प्रश्न. "हू इज राइट?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे आधी एक बाजू घ्यायची, आणि बाजू घेतली की समोरचा आपोआप दुसऱ्या बाजूचा होतो, मग तो तुमचा रोजचा बेंचवरचा शेजारी असला तरी. आणि दुसरं म्हणजे "तुम लोग". हे शब्द ज्या क्षणी निघाले त्या क्षणी ती मुलगी इंग्रजी शिकायला आलेली विद्यार्थिनी राहिली नाही, तिला अख्ख्या समाजाची प्रवक्ती करून टाकलं. हा एक नियम मी माझ्या बॅचला पहिल्याच आठवड्यात सांगते आणि तुम्हीही सांगा, की इथे कोणीही कुठल्याही धर्माचा, जातीचा, देशाचा, राज्याचा प्रतिनिधी नाही, आणि कोणी कोणाला तसं विचारायचं नाही. शिक्षकाने तर नाहीच नाही. बिहारहून आलेल्या मुलाला "तुमच्याकडे असं का असतं" हे विचारणंसुद्धा त्यातच आलं.

शिवाय वर्गात कोण बसलंय हे आपल्याला वाटतं तेवढं माहीत नसतं. ठाण्याचंच घ्या. ठाण्यात शार हाशमाईम नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं, आणि त्याच्या आसपास पिढ्यानपिढ्या राहिलेले बेने इस्राईल लोक, मूळचे कोकणातले, घरात मराठी बोलणारे, गावावरून पडलेली "कर" वाली आडनावं. हजेरीपटावर पेणकर असं नाव असेल तर ते कुठल्या घरचं हे तुम्ही सांगू शकणार नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे काका, मावश्या, भावंडं आज इस्राईलमध्ये आहेत. आणि फक्त ज्यूच नाही, आपल्याकडचे हजारो लोक तिकडे केअरगिव्हर म्हणून काम करतात, तुमच्या नर्सची एखादी मैत्रीण त्यातलीच असेल. दुसरीकडे मुंब्रा, राबोडी, कौसा इथल्या घरांत गाझाच्या बातम्या रोज रात्री बघितल्या जातात आणि त्या बघून जेवण जात नाही अशी माणसं आहेत. म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३ ला जे झालं आणि त्यानंतर गाझात जे झालं ते तुमच्या त्या खोलीपासून लांब नाहीये. "जागतिक विषय आहे, आपला काय संबंध, बिनधास्त बोला" हे गृहीतच धरता येत नाही.

बरं, मग बंदच करायचे का असे विषय? पुस्तकं छापणाऱ्यांनी तेच केलंय. इंग्रजी शिकवायची पुस्तकं काढणाऱ्या परदेशी प्रकाशकांच्या जगात 'पार्सनिप' म्हणून एक यादी प्रसिद्ध आहे, पॉलिटिक्स, अल्कोहोल, रिलिजन, सेक्स, नार्कोटिक्स, इझम्स आणि पोर्क, या सात गोष्टी पुस्तकात नकोत. कारण साधं आहे, तेच पुस्तक सौदीतही विकायचंय, ब्राझीलमध्येही आणि चीनमध्येही, कुठे अडकायला नको. धंदा म्हणून ते बरोबरच आहे पण त्यामुळे काय झालंय की ती पुस्तकं हॉलिडे, हॉटेलची ऑर्डर, माय फेव्हरिट हॉबी यातच फिरत राहतात, आणि तुमच्या बॅचमधला मुलगा दोन वर्षं इंग्रजी शिकून पिझ्झा मागवू शकतो पण ऑफिसच्या कॉलवर कोणी अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाबद्दल काही बोललं तर गप्प बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी लावायचं जाहीर केलं, त्या आठवड्यात ऐरोलीच्या आयटी पार्कात दुसरा विषय असेल का हो? आणि त्या मुलाला तिकडच्या सहकाऱ्याने "सो व्हॉट डू यू थिंक?" विचारलं तर त्याने काय बोलायचं? हे त्याला आपण नाही शिकवायचं तर कोणी?

नर्सचंही म्हणणं खरं आहे. आयईएलटीएसची स्पीकिंग टेस्ट ११ ते १४ मिनिटांची, त्यातला तिसरा भाग ४-५ मिनिटांचा, आणि तिथे मत मांडायला, कारण द्यायला, दोन बाजू तोलायला लावतात. रायटिंगच्या दुसऱ्या टास्कला निदान २५० शब्दांत तेच लिहायचं. पण तिला एक गोष्ट नक्की सांगा, बऱ्याच जणांना ती माहीत नसते. परीक्षक तुमच्या मताला मार्क देत नाही. बोलणं किती सलग आणि सुसंगत आहे, शब्दसंपत्ती किती, व्याकरण किती विविध आणि अचूक, उच्चार कसे, या चार गोष्टींना मार्क असतात. त्यामुळे "बरोबर मत कुठलं" हे शोधत बसायचं काही कारणच नाही. आणि तिथे सहसा युद्ध-धर्म असले थेट प्रश्न नसतात, शहरातली गर्दी, मुलांच्या हातात फोन, पर्यावरण, सरकारने काय करावं असे असतात. म्हणजे परीक्षेच्या तयारीसाठी गाझाच घ्यायला पाहिजे असं अजिबात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की विषय नंतर, वाद घालायची भाषा आधी. कच्च्या इंग्रजीत माणूस असतो त्यापेक्षा जास्त कडक ऐकू येतो. मराठीत आपल्याला समोरच्याचं म्हणणं न दुखावता खोडून काढायच्या शंभर तऱ्हा येतात, लहानपणापासून ऐकत आलोय. इंग्रजीत मात्र शिकणाऱ्याकडे दोनच वाक्यं असतात, "आय ॲग्री" आणि "यू आर राँग". मग तो तेच वापरतो, समोरच्याला ते लागतं, तो चिडून हिंदीवर येतो आणि हिंदीत तर मग काय, सगळा टीव्हीच तोंडात बसलेला असतो. तुमच्या वर्गात पाच मिनिटांत हिंदी सुरू झाली ना, ती बेशिस्त नव्हती सर, त्यांचं इंग्रजी तिथे संपलं होतं.

तर आधी ही वाक्यं तोंडात बसवा. "आय सी इट अ बिट डिफरंटली." "आय टेक युवर पॉइंट, बट…" "आय'म नॉट शुअर दॅट्स ऑलवेज ट्रू." "कॅन यू से अ लिटल मोअर अबाउट दॅट?" "सो यू मीन दॅट…" हे शेवटचं सगळ्यात कामाचं. माझ्या बॅचला मी सांगते की उत्तर द्यायच्या आधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं, तो "येस, दॅट्स व्हॉट आय मेंट" म्हणाला की मगच आपलं बोलायचं. सुरुवातीला फार रटाळ वाटतं, एकेक वाक्याला दोन-दोन मिनिटं जातात, पण याने दोन गोष्टी होतात, ऐकायची सवय लागते (आणि लिसनिंग हा इंग्रजीचा भाग आहेच की) आणि चढलेला आवाज आपोआप खाली येतो कारण माणूस वाक्य जुळवण्यात गुंततो. त्याच्याच जोडीला "आय हॅवन्ट मेड अप माय माइंड येट" आणि "आय'ड रादर नॉट से". मत नसणं किंवा असून न सांगणं हा हक्क आहे आणि तो वापरायचं इंग्रजी प्रत्येकाला यायला पाहिजे. ही दोन वाक्यं मी अख्ख्या बॅचकडून एकसाथ म्हणवून घेते, म्हणजे पुढे कोणी खरंच वापरली तर ते वेगळं वाटत नाही.

हे सगळं शिकवायला विषय कुठला? एकदम साधा. ट्रान्स-हार्बरला एसी लोकल हव्यात की साध्या लोकल वाढवायला हव्यात. ऑफिस घरून की ऑफिसात जाऊन. सोसायटीत कुत्र्यांना खायला घालावं की नाही (हा मात्र वाटतो तितका साधा नाही, जपून घ्या). पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी कोणी खाडीत सोडत नाही. ज्या बॅचला एसी लोकलवर शांतपणे असहमत होता येत नाही तिला युद्धावर होता येणार नाही. आणि लेव्हलही बघा. युरोपच्या भाषेच्या पायऱ्या आहेत ना, सीईएफआर, त्यात एखाद्या चालू घडामोडीवर फायदे-तोटे सांगून आपली बाजू समजावणं हे बी-टू नावाच्या, मधल्यापेक्षा वरच्या पायरीला धरलंय. तुमच्या बॅचमधले निम्मे त्याच्या एक पायरी खाली असणार असं पत्रावरून वाटतंय. त्यांनी बोलायचं नाही असं नाही, पण त्यांना तयार वाक्यांचा आधार दिल्याशिवाय उभं करू नका, नाहीतर ते फक्त घोषणा देतील, घोषणेला व्याकरण लागत नाही.

पुढची पायरी म्हणून एक धडा सांगते, मी घेतलेला आहे, तुम्ही तसाच उचला. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं अकाउंट ठेवायला बंदी घातली. कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये पास झाला, १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब हे सगळे त्यात येतात, व्हॉट्सॲप येत नाही. आणि कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा असा की दंड मुलाला किंवा आईबापाला नाही, कंपनीला, आणि तोही ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. खरा जागतिक वादाचा विषय आहे, जगभर यावर भांडणं चालू आहेत, पण तुमच्या खोलीत कोणाचा धर्म त्यात नाही, कोणाचं गाव नाही, आणि मत मात्र प्रत्येकाला आहे, गृहिणींना तर भरपूर.

आधी हे सगळं आठ-दहा सोप्या वाक्यांत लिहून द्या आणि वाचून घ्या. मग विचारा यातलं घडलेलं काय आणि कोणाचं मत काय. नुसतं हे वेगळं करायला वीस मिनिटं जातात आणि ती वाया जात नाहीत. मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर लहान गावात राहणारी पंधरा वर्षांची मुलगी, एकीवर रात्रपाळी करणारी आई, एकीवर कंपनीचा अधिकारी, एकीवर शाळेतली समुपदेशक, एकीवर कायद्याला मत दिलेला खासदार. जी चिठ्ठी येईल तिच्या जागेवरून बोलायचं, स्वतःचं मत नाही. माझ्या बॅचला बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते, घरी नातवाच्या फोनवरून रोज भांडण, बंदीच्या एकदम बाजूचे, आणि त्यांना नेमकी त्या मुलीची चिठ्ठी आली. ते जरा वेळ कागदाकडे बघत राहिले, मग उभे राहून म्हणाले, "इन माय व्हिलेज देअर आर ओन्ली थ्री गर्ल्स ऑफ माय एज. माय फ्रेंड्स आर इन द फोन. यू आर टेकिंग माय फ्रेंड्स." वाक्यं तीनच आणि तिन्ही नीट. पलीकडे कंपनीच्या अधिकाऱ्याची चिठ्ठी एका आईकडे होती, ती म्हणाली "बट मॅम, शी इज राइट, नाऊ व्हॉट आय शुड से?" आणि मग सगळा क्लास तिला वाक्यं सुचवायला लागला. त्या गृहस्थांचं स्वतःचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, बदलायलाही नको होतं, पण दुसऱ्याचं म्हणणं त्यांच्या तोंडून पूर्ण वाक्यात बाहेर आलं, आणि इंग्रजीचा शिक्षक म्हणून मला तेवढंच हवं असतं.

शेवटी ज्याला पाहिजे त्याने स्वतःचं मत घरून लिहून आणायचं, पानभर. लिहिताना माणूस जास्त विचार करतो आणि कोणी मध्ये तोडत नाही.

चर्चेत हिंदी-मराठी येणारच, तिला घाबरू नका. मी सरळ म्हणते, दोन मिनिटं बोला तुमच्या भाषेत, मन मोकळं करा, मग परत इंग्रजीत या. आणि त्या दोन मिनिटांत मी फळ्यावर लिहीत असते की कुठला मुद्दा त्यांना इंग्रजीत सांगता आला नाही. तोच पुढचा धडा. पुस्तकातून काढलेल्या शब्दांपेक्षा हे शब्द शंभर पटीने लक्षात राहतात कारण त्यांची गरज लागून गेलेली असते. चुका मात्र बोलणं चालू असताना काढू नका. कोणी तळमळीने काही सांगतंय आणि आपण मध्येच "वॉज नाही, वेअर" म्हणायचं, हे बरं दिसत नाही. नोंद करून ठेवा, शेवटी नाव न घेता सगळ्यांना सांगा. आणि हे करताना स्वतःकडे जरा लक्ष ठेवा, आपल्याला न पटणारं मत मांडणाऱ्याच्या चुका आपण जास्त काढतो का? होतं असं, आणि मुलांना ते लगेच कळतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की जगाचे विषय तापलेले आणि घराजवळचे थंड. कित्येकदा उलटं असतं. पर्यावरण घ्यायचं तर ऐरोलीसारखी जागा नाही, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतली जागा, तुमच्या क्लासपासून जवळच किनारी जैवविविधता केंद्र, निम्म्या बॅचने बोटीतून फ्लेमिंगो बघितलेले असतील. तिथून हवामानाच्या जागतिक वादात छान जाता येतं. भारताने २०२१ ला ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल असं वचन दिलं, श्रीमंत देश म्हणतात लवकर करा, आपण म्हणतो आमचा माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन आणि अमेरिकेचा १४ च्या आसपास, मग सारखीच घाई आम्ही का करायची? यात तुलना करायचं सगळं इंग्रजी येतं, "पर पर्सन", "सेव्हन टाइम्स ॲज मच", "इट डिपेंड्स ऑन हाऊ यू काउंट". पण त्याच ओघात कोणी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उदाहरण काढलं तर लक्षात ठेवा की तुमच्या वर्गात प्रकल्पग्रस्त गावातलं कोणी असू शकतं, ज्यांच्या घरी जमिनीचा आणि त्यासाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचा विषय हा डिबेटचा विषय नाही, घरचा इतिहास आहे. तसंच पहिलीपासून हिंदीचा २०२५ चा वाद. मराठी आणि उत्तर भारतीय मुलं एका बेंचवर बसतात तिथे तो मी "फॉर आणि अगेन्स्ट" म्हणून कधीच घेणार नाही.

कुठला विषय घ्यायचा नाही याची ओळख मी अशी ठरवलीये, की खोलीत बसलेला माणूस स्वतःच विषय होतोय का? होत असेल तर ती डिबेट नाही. स्थलांतरितांवरचे कायदे हा विषय आहे, "बाहेरच्यांना घर भाड्याने द्यावं का" हा नाही, कारण नवी मुंबईत भाड्याने घर शोधताना आडनावावरून नकार मिळालेलं कोणीतरी समोर बसलेलं असतं. समलिंगी विवाहाचा कायदा कुठल्या देशात कसा आला, नेदरलँड्समध्ये २००१ ला सगळ्यात आधी, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता द्यायला नकार दिला आणि संसदेकडे बोट दाखवलं, यावर बोलता येतं. अशी माणसं असावीत की नसावीत यावर नाही, कारण तो माणूस तिथेच गप्प बसलेला असू शकतो आणि तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता युद्धं. गाझा किंवा युक्रेन. तुमच्या या बॅचला, आत्ता, मी गाझा घेणार नाही. ती मुलगी परत आली तरी नाही, उलट आली तर अजिबात नाही, तिला वाटेल हे आपल्यासाठी चाललंय. यात भित्रेपणा काही नाही. पुढे कधी एखाद्या तयार बॅचला युद्धाचा विषय घ्यायचाच असेल तर कोण बरोबर हे विचारू नका, बातमी कशी लिहिलीये हे विचारा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने जे सुरू केलं त्याला रशिया स्वतः "स्पेशल मिलिटरी ऑपरेशन" म्हणतो, युक्रेन आणि बहुतेक जग "इन्व्हेजन" म्हणतं. तीन वेगवेगळ्या देशांच्या वृत्तसंस्थांच्या एकाच दिवसाच्या हेडलाइन्स शेजारी ठेवा आणि बघायला सांगा, कोणी "किल्ड" लिहिलंय, कोणी "डाइड", वाक्यात मारणारा आहे की गायब आहे. पॅसिव्ह व्हॉइस शिकवायला याच्याइतका चांगला धडा नाही, आणि कोणालाही स्वतःची बाजू उघड करावी लागत नाही. युक्रेनच्या विषयात माणसांच्या बाजूनेही शिरता येतं, तिथे एमबीबीएस करायला गेलेली आपली पोरं भारत सरकारच्या ऑपरेशन गंगातून परत आली, त्यात महाराष्ट्रातलीही खूप होती, त्यांच्यापैकी एखाद्याच्या आईने दूतावासाला इंग्रजीत काय ईमेल लिहिला असेल हे लिहायला लावा. हा लिहिण्याचा सरावही होतो आणि युद्ध म्हणजे काय तेही कळतं.

आणि आदल्या दिवशी कुठे हल्ला झाला, बॉम्बस्फोट झाला, सगळे बातम्या बघून आलेत, अशा दिवशी त्यावर चर्चा घ्यायचीच नाही. मुलांनीच विषय काढला तर पाच मिनिटं ऐकून घ्या, उत्तर-प्रत्युत्तर नको, मग हळूच नेहमीच्या धड्यावर या. कोणी कोणाच्या जाती-धर्माला शिवी दिली तर तिथल्या तिथे थांबवा, आणि तेव्हा इंग्रजी शोधत बसू नका, मराठीत थांबवा, हिंदीत थांबवा, जी भाषा पटकन तोंडात येईल तिच्यात.

तुमचं मत विचारतात तेव्हा. खोटं बोलू नका, "मला काही मतच नाही" म्हणालात तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण चर्चेच्या आधी किंवा मध्ये सांगू नका. तुम्ही त्यांचं इंग्रजी तपासता, ते तुम्हाला सर म्हणतात, तुम्ही बोललात की अर्धा वर्ग तुमच्यासारखं बोलायला लागतो आणि उरलेला गप्प बसतो, दोन्ही वाईट. साध्या विषयावर शेवटी सांगून टाका, एका कारणासकट, आणि तुमच्या मताच्या विरुद्ध सगळ्यात चांगलं कारण कुठलं वाटतं तेही सांगा. तापलेल्या विषयावर मी आमच्याच वाक्यांपैकी एक वापरते, "आय'ड रादर नॉट से, बिकॉज आय वॉन्ट यू टू फील फ्री." शिक्षिकेने ते वाक्य वापरलं की मुलांनाही वापरायला संकोच वाटत नाही.

काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्यांना ते तसं सांगा. ते इंग्रजीसाठी पैसे भरतात, राजकारण ऐकायला नाही. म्हणून प्रत्येक चर्चेच्या धड्याला फळ्यावर आधी इंग्रजीचं काम लिहा, आज कंपॅरिझन, आज "सम पीपल आर्ग्यू दॅट", आणि शेवटी तेच तपासा. काकांनाच घड्याळ द्या, प्रत्येकाला दोन मिनिटं, कोणी मध्ये बोललं तर थांबवायचं, इंग्रजीत. ज्येष्ठ माणसाने थांबवलं तर कोणाला राग येत नाही. जागा ज्यांची आहे त्यांना भेटून महिन्याचे विषय आधीच दाखवा, त्यांना भीती असते ती पोलिसांची आणि सोसायटीच्या तक्रारीची, विषय ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे फोन आहे हे कळल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. विद्यार्थ्यांनाही विषय आठवडाभर आधी कळवा आणि ज्याला नको असेल त्याच्यासाठी त्याच वेळेत दुसरं लिखाणाचं काम तयार ठेवा, कारण न विचारता.

राहिला बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही, पण असणारच. वर्गात तुम्ही समोर असता, ग्रुपवर रात्री साडेअकराला कोणी एक व्हिडिओ फॉरवर्ड केला तर तुम्ही झोपलेले असता, आणि तिथे ना काकांचं घड्याळ असतं ना ती शिकवलेली वाक्यं. आजच सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवायची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवा, त्यावर वेळ, सुट्टी आणि शब्दांच्या याद्या जाऊ देत, बाकी काही नाही.